हँडलचा उलटा हिसका

माझ्या सासऱ्यांच्या दारात मोटार आली तेव्हा कोल्हापुरात मोटारी फार नव्हत्या. महाराजांच्या होत्या, रेसिडेन्सीतल्या साहेबांच्या होत्या, एखाद्या सरदाराच्या वाड्यात एखादी. टांगेवाल्याच्या तबेल्यात मोटार उभी राहिली ही गोष्ट पेठेत बरेच दिवस पुरली. सासऱ्यांचे टांगे कागलच्या रस्त्याला धावायचे. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची जुनी मोटार त्यांनी उचलली, त्यासाठी चांगली घोडी विकली आणि तबेल्याचा अर्धा भाग झाडून ती आत घेतली.

मी त्यांचा घरजावई. आमचं घर मुरगूडचं. मानमोडीच्या तापात ते घर रिकामं झालं, माझी आई, वडील आणि थोरला भाऊ एकामागोमाग गेले. मी कागलला पिठाच्या गिरणीत कामाला होतो म्हणून वाचलो. सासऱ्यांना मुलगा नव्हता, एकच मुलगी. त्यांनी मला बोलावून घेतलं. लोक म्हणाले, पोराचं नशीब उघडलं.

आमच्याकडे जावयाला 'पावणं' म्हणतात आणि त्यात मान असतो. सासरे मला चारचौघांत पावणंच म्हणायचे. "पावणं, शेण उचला की." "पावणं, घोड्याला पाणी कोण दावणार, तुमचा बा?" माझ्या बापाला जाऊन वर्षही झालं नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं.

साहेबाच्या ड्रायव्हरनं सासऱ्यांना मोटार चालवायला शिकवली आणि तो साहेबाबरोबर मुंबईला गेला. पावसाळा सरला आणि मोटार खोकायला लागली. चढाला दम टाकायची, मध्येच बंद पडायची. राजवाड्याच्या मोटारखान्यातल्या एखाद्या मिस्त्रीला बोलवावं असं मी सुचवलं.

"घोड्याचा खूर कापाय मी कधी दुसऱ्याला बोलिवला न्हाय," सासरे म्हणाले. "हे तर लोखांड हाय. ह्याला काय लाथ हाय का दात?"

एका दुपारी त्यांनी तबेल्यात पोतं अंथरलं आणि इंजिनाचे भाग काढायला सुरुवात केली. त्यात मॅग्नेटोही काढला. इंजिनात ठिणगी पाडतो तो मॅग्नेटो. त्याला एक दातेरी चाक असतं आणि ते इंजिनाच्या चाकात बसतं. कुठला दात कुठल्या खाचेत बसला आहे यावर सगळं असतं. ठिणगी वेळेवर पडली तर इंजिन पुढे फिरतं, आधीच पडली तर मागे हिसका देतं. सासऱ्यांनी मॅग्नेटो घासलेटनं पुसला, फुंकर मारली आणि होता त्या जागी बसवला.

माझी बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "आबा, काढताना दात कुठं जुळलेलते ते बघिटलंसा का?"

हातातला पाना त्यांनी तिच्याकडे फेकला. तो तिच्या नडगीवर बसला. ती खाली बसली, नडगी धरून. सासरे मान वर न करता म्हणाले, "बाईमाणसानं चुलीत बघावं."

सगळं आवळून झाल्यावर ते मोटारीत स्टिअरिंगच्या चाकामागे बसले. तेव्हा मोटार सुरू करायची म्हणजे पुढे लोखंडी हँडल घालून कुणालातरी ते जोरात फिरवावं लागे. ते हँडल उलटं आलं तर काय होतं, हे ड्रायव्हरनं त्यांना माझ्यासमोर बजावून सांगितलं होतं. म्हणून ते बसले आणि मला म्हणाले, "पावणं, मारा हँडल."

मी मारलं. हँडल माझ्या हातातून निसटून उलटं आलं आणि खांद्याला लागलं. पेठेतली माणसं दाराशी जमली होती.

"मामा, हे उलटं हाणतंय," मी म्हणालो. "बसवताना कायतर चुकलंय."

"चुकलंय म्हंजे? माझं चुकलंय व्हय?"

"तुमचं न्हवं, पर दात..."

"भाकऱ्या हाणताना मनगाट चालतंय, हितं का चालंना?"

लोक हसले. शेजारचा पानवाला तर पोट धरून हसला. मी हँडल दोन्ही हातांनी धरलं आणि सगळ्या अंगानं ओढलं. या वेळी ते पूर्ण जोरानं परत आलं. ओला फाटा मोडावा तसा आवाज झाला. तो माझ्या उजव्या मनगटातून आला होता हे मला आधी हाताकडे बघून कळलं, दुखलं ते नंतर.

सासरे मोटारीतून उतरले, वाकून माझा हात बघितला आणि हसत सुटले. "आयला, घोड्याची लाथ बरी म्हनायची!"

पेठेतल्या तालमीचे वस्ताद मोडलेली हाडं बसवायचे. मला त्यांच्याकडे नेलं. वस्ताद भला माणूस होता. "पावणं, दात आवळा. एकदाच वढतो," म्हणाले. सासरे माझे पाय धरून बसले होते. "सावकाश वढा वस्ताद," ते म्हणाले, "गडी कसा रडतोय ते पेठेला दिसू दे." वस्तादांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि हाड ओढलं. मी रडलो. हाताला बांबूच्या कामट्या बांधून, हळद आणि अंड्याचा लेप लावून मला घरी आणलं.

घरी येईपर्यंत पेठेत वेगळीच गोष्ट पसरली होती. जावयानं हँडल उलटं फिरवलं म्हणून मोटार बिघडली. सासऱ्यांनीच सांगितलं होतं. दोन दिवसांनी कागलच्या एका लग्नात नवरानवरी त्यांच्या मोटारीतून मिरवायची होती, आणि तो शब्द ते देऊन बसले होते.

जेवताना ते मला म्हणाले, "बिघडवलंसा तुम्ही, तर दुरुस्त बी तुम्हीच करा. न्हाय जमलं तर मुरगुडाचा रस्ता धरा. पोरगी हितंच ऱ्हाईल."

बायको वाढत होती. तिनं भाकरी माझ्या ताटात ठेवली आणि चुलीकडे वळली. मला तिचाही राग आला. लंगडत होती, तरी त्यांना गरम भाकरी वाढत होती.

दुसऱ्या दिवशी सासरे टांगा घेऊन कागलला गेले. त्यांची पाठ फिरताच बायको पदर खोचून तबेल्यात आली. "सांगा," ती म्हणाली. "हात माझं, डोकं तुमचं."

माझ्या डोक्यात तरी काय होतं? गिरणीतलं तेलाचं इंजिन मी पुसायचो. सिलिंडरमध्ये दट्ट्या वर येताना हवा दाबतो, तो अगदी वर पोचला की पेट घ्यायला हवा, एवढं मला माहीत होतं. मोटारीलाही तोच न्याय असणार, असा अंदाज केला. तिच्याकडून ठिणगीचे सगळे प्लग काढून घेतले, कारण तसं केलं की इंजिन हलकं फिरतं आणि दगा देत नाही. मग मी डाव्या हातानं हँडल हळूहळू फिरवलं आणि तिनं पुढच्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरला.

"अवो, वारं बोटाला ढकलतंय!"

"तिथंच थांब. आता काडी घाल."

कडब्याची एक काडी तिनं भोकात सोडली. हँडल फिरेल तशी काडी वर सरकत आली आणि खाली जायच्या बेताला आली तिथं मी थांबलो. दट्ट्या माथ्यावर होता. मग तिनं मॅग्नेटो सोडवला. ठिणगी पाडणारी टोकं तेव्हा कधीच उघडून गेलेली होती, म्हणजे ठिणगी आधीच पडत होती. आम्ही चाक मागे फिरवून, टोकं नुकती उघडतील असं धरून, दात नव्या खाचेत बसवले. ती बोल्ट आवळताना पान्यावर सगळं वजन टाकायची, नडगी दुखली की ओठ चावायची.

हँडलला हात लावायची माझी छाती होईना. तिनं घोड्याची दोरी आणून हँडलला बांधली, लांब उभी राहिली आणि ओढली. हँडल पुन्हा उलटं आलं. दोरी तिच्या तळव्यांतून सरसरत गेली आणि सालटं घेऊन गेली. ती हात पाण्यात बुडवून परत आली.

मी मोटारीच्या पायरीवर बसून विचार केला. मग स्टिअरिंगच्या चाकाजवळचा दांडा दिसला. ठिणगी लवकर पाडायची की उशिरा, हे त्या दांड्यानं ठरतं. आम्ही मॅग्नेटो बसवून आवळताना तो दांडा धक्का लागून लवकरच्या टोकाला सरकला होता. म्हणजे आमचा सगळा हिशेब त्याच्यावर चुकला होता. दांडा उशिराच्या टोकाला आणला, खात्रीसाठी पुन्हा प्लग काढले, पुन्हा अंगठा, पुन्हा काडी. तिच्या तळव्यांना फडकं बांधलेलं होतं, त्यातून रक्त पान्याला लागत होतं. या वेळी तिनं दोरी ओढली आणि इंजिन घोरल्यासारखं करून सुरू झालं. तबेल्यातली उरलेली घोडी बुजली. मी हसलो. तिनं पटकन इंजिन बंद केलं.

"मोटार चालू झाली त्ये आबास्नी सांगायचं न्हाय," ती म्हणाली.

दिवेलागणीच्या आधी सासरे आले. तिनं त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, "दात बदललाय. बघा फिरवून."

ते मोटारीत चढायला निघाले. "पावणं, मारा की डाव्या हातानं. तेवढा तरी शाबूत हाय."

"न्हाय," ती म्हणाली. "आज हँडल तुम्ही मारायचं. मी बसते आत."

तिचा आवाज असा चढला होता की शेजारचे लोक बाहेर आले. पानवाला आला, तालमीतली दोघं-तिघं आली. सासऱ्यांनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांना मागे फिरता येईना. ते हँडलजवळ गेले.

"जपून हं आबा," ती चाकामागून म्हणाली. "दुपारी दोरीनं वढलं तर आदीपेक्षा जास्त हिसका दिला. ह्यांच्या मनगटाचं झालं त्ये बरं, म्हनाय लागंल."

हे अर्धंच खरं होतं; त्यानंतर इंजिन नीट सुरू झालं होतं. मी तोंड उघडलं, पण तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी मिटलं.

सासऱ्यांनी हँडल धरलं, सोडलं, धोतराला हात पुसून पुन्हा धरलं. "स्प्रिंग सैल वाटतीया," असं काहीतरी पुटपुटले.

"फिरवा की आबा. भाकऱ्या हाणताना मनगाट चालतंय न्हवं?"

पुन्हा लोक हसले, तेच लोक. सासरे हँडल सोडून मोटारीच्या पायरीवर बसले. कपाळावरून घाम गळत होता. हळू आवाजात, मला तोवर कधी ऐकू आला नव्हता अशा आवाजात ते म्हणाले, "तूच मार पोरी."

ती सावकाश उतरली, फडकं बांधलेल्या हातानं हँडल एकदाच वर ओढलं आणि इंजिन सुरू झालं. लोकांनी ओरडा केला. हे व्हावं म्हणून मी हाताच्या कळा सोसत किती वेळ मनात झुरत होतो, पण झालं तेव्हा मला सासऱ्यांच्या तोंडाकडे बघवेना. ती मात्र डोळे न हलवता त्यांच्याकडेच बघत होती.

कागलच्या लग्नात मोटार मिरवली. सासऱ्यांनीच चालवली. हँडल मारायला त्यांनी तालमीतला एक गडी बरोबर नेला. त्यानंतर त्यांनी मुलीशी बोलणं टाकलं. काही हवं असलं की मला सांगायचे, तीही शेजारीच उभी असताना. वर्षभरात आम्ही कागलला बिऱ्हाड केलं आणि मी गिरणीचं इंजिन सांभाळायला लागलो.

ते अंथरुणाला खिळले तेव्हा ती जाऊन राहिली. त्यांना भरवायची, पुसायची, कुशीवर वळवायची. ते छताकडे बघत पडून असायचे. दोघांत शेवटपर्यंत एक शब्द झाला नाही.

सुतक फिटल्यावर मी तिला विचारलं, "त्या दिवशी मोटार नीट झालीय एवढं तरी सांगायचं होतंस त्यांना. म्हातारं माणूस किती घाबरलं."

ती तांदूळ निवडत होती. "सांगिटलं असतं तर हसून परत हँडलला तुम्हालाच उभं केलं असतं," ती म्हणाली, आणि सूप माझ्यापासून थोडं लांब ओढून घेतलं.