मैदान मारलेला ब्रेकर

सत्तरच्या दशकात मी गडमुडशिंगीच्या बाजूला एका पाणीपुरवठा संस्थेत विजेचा इंजिनिअर होतो. नदीचं पाणी उसाला उचलून द्यायचं, त्यासाठी तेहेतीसशे व्होल्टची एकच मोटर. ती जळली तर आतली तार नव्यानं भरून यायला महिना-दीड महिना, आणि उन्हाळ्यात तेवढ्या दिवसांत ऊस उभ्याचा वाळतो. मला तिची एवढी धास्ती असे की बायको म्हणायची, पोटच्या पोरीची तरी इतकी काळजी करा.

धोका दिसताच मोटरीची वीज तोडणारा जुना ब्रेकर निकामी झाला तेव्हा नवा निवडायचं काम माझ्याकडे आलं, म्हणजे संचालक मंडळाकडे आलं. मी समजावून सांगितलं. मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, तेवढा वेळ ब्रेकरनं कळ काढायची. पण पंप अडकून ती तशीच ओढत राहिली, तर रिलेनं ते ओळखायचं आणि ब्रेकरनं वीज तोडायची. मंडळानं माना डोलावल्या. माना डोलावण्यात आमच्या मंडळाचा हात कोणी धरला नसता.

मग दोन विक्रेते आपापले ब्रेकर घेऊन आले. चेअरमननी फर्मावलं, "दोगांस्नी सारखाच करंट सोडा. बगू कोन टिकतंय." पारख करायची आमच्याकडची रीत एकच, कुस्तीसारखी जोड लावायची. मंडळी आवारात गोल करून बसली. अडकलेली मोटर ओढेल त्या हिशेबानं चाचणीच्या पेटीतून दोन्ही रिलेंना करंट दिला. पहिला ब्रेकर काही सेकंदांत खाडकन उघडला. हवं होतं ते हेच. दुसरा ढिम्म. तो मुळात आमच्या चौपट मोटरीसाठी बनवलेला. आमच्या मोटरीचं दुखणं त्याला कळणारच नव्हतं, तांदळाच्या चाळणीनं रवा चाळावा तसं.

"पयला लगीच गार झाला की," एक संचालक हळहळले.

चेअरमननी दुसऱ्या ब्रेकरच्या तेलाच्या टाकीवर थाप मारली. "सायेब, ह्यो बगा. हललाबी न्हाय."

"आबा, हलायलाच हवा होता. हा हलला नाही तर मोटर जळेल."

"म्हंजे हरतोय त्यो चांगला? तुमच्या कालिजात असंच शिकीवत्यात व्हय?"

सगळे पोट धरून हसले. विजेत्याला फेटा बांधला, गुलाल लावला. खोटं सांगत नाही. माझा विरोध चहाबरोबर संपला.

वैशाखात नदी खाली गेली आणि गाळ, झुडपं ओढून पंप अडकला. मोटर न फिरता जागच्या जागी नुसतीच घुमत राहिली. जळका वास आला म्हणून ऑपरेटर हातानं वीज तोडायला धावला, तोवर खोलीत धूर कोंडला होता. ब्रेकरनं मात्र शेवटपर्यंत माघार घेतली नाही. मी त्या काळ्या पडलेल्या मोटरीजवळ बसलो आणि मला रडू आलं. लाज वाटली नाही.

मोटर भरायला गेली. पाऊस लांबला. दीड महिन्यानं चेअरमनच्या शेतावर गेलो, तेव्हा त्यांचा सगळा ऊस पिवळा पडून करकरत होता. बांधावर ते एकटेच उभे होते. त्यांचे डोळे भरलेले होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. खांद्यावरच्या टॉवेलनं त्यांनी डोळे पुसले.

"मोटर कच्ची निगाली, सायेब," ते म्हणाले. "पर ब्रेकर बगा, अजून जसाच्या तसा हाय."