किंचाळणारी गाडी आणि समोरची नवरी

बाळांनो, तुमच्या आजोबांची पांढरी गाडी थांबताना किंचाळायची. सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीच्या वळणावर त्यांनी ब्रेक दाबला की कुत्री उठून बाजूला होत आणि समोरच्या घरात कुणीतरी म्हणे, "आले काका."

त्या घरातली मुलगी याच गाडीतून शाळेत गेली. तिचे लग्न ठरले तेव्हा आजोबांनी जाहीर केले, नवरीला कार्यालयात मीच नेणार. तिचे वडील हात जोडून म्हणाले, "काका, गाडी चालन. पण तो आवाज नाई चालत. पाहुण्याइले वाटन, पोरगी घरूनच रडत येऊन राह्यली."

आजोबांचे तोंड एवढेसे झाले. लग्नसराईत गॅरेजवाल्याला सवड नव्हती. म्हणून नवे ब्रेक पॅड आणून त्यांनी स्वतःच अंगणात जॅक लावला.

ब्रेक पॅड म्हणजे चाकाच्या आतल्या लोखंडी चकतीला दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या काळ्या वड्या; त्या झिजल्या की गाडी किंचाळते. सोबतचे माहितीपत्रक इंग्रजीत, म्हणून ते माझ्या वाट्याला आले. मी वर्तमानपत्र अंथरून सगळे भाग ओळीने मांडले. आवाज येऊ नये म्हणून पॅडच्या पाठीला ब्रेकचे खास ग्रीस पातळ लावायचे, चकतीला टेकणाऱ्या बाजूला मात्र थेंबही नको, असे पत्रकात बजावले होते. मी ते पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचले.

"अगं, गाडी ओरडते तेवढं पुरे," आजोबा म्हणाले.

ग्रीस लावून झाल्यावर आम्ही चहाला आत गेलो. लग्नासाठी आष्टीहून आलेली माझी नणंद, म्हणजे तुमची आत्याआजी, अंगणात खाटेवर वाळणाऱ्या कुरडया राखत बसली होती. आम्ही परतलो तेव्हा ती फारच समाधानी दिसत होती. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

आजोबांचा चष्मा आत टेबलावर राहिला होता आणि मी पत्रकात डोके घातले होते. पॅड बसले, चाक चढले. आजोबांनी गाडी हळूच पुढे घेतली, ब्रेक दाबला आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले. आवाज आला नाही. गाडीही थांबली नाही. खाटेचे दोन पाय मोडून, कुरडयांचा चुरा करून ती हँडब्रेकवर कशीबशी उभी राहिली. चाकाजवळ साजूक तुपाचा घमघमाट सुटला होता.

"काय लावलंस तू?" मी नणंदेला विचारले.

"कुंकू! नव्या वस्तूले कुंकू नाई लावाचं का वो वहिनी? पाठीले तर तुमी पयलेच काळं फासलं होतं. मंग मी पोटावर स्वस्तिक काढलं. तुपात कालवून, गळू नये म्हणून."

"अगं, गाडी थांबेना ना त्यानं!" आजोबा ओरडले.

"आवाज बंद झाला का नाई, भाऊ?" तिने शांतपणे विचारले आणि कुरडयांचा चुरा गोळा करायला लागली.

तूप प्यालेले पॅड पुन्हा कामाचे नसतात. दुसरा जोड आणला, चकती पुसून लख्ख केली. या वेळी चहाच्या वेळीही पॅड माझ्या मांडीवर होते. आत्याआजीला पूजेसाठी पॅडचे रिकामे खोके दिले. तिने त्याला हळदही लावली.

लग्नाच्या सकाळी फुलांनी सजवलेली गाडी समोरच्या दारात मुंगीच्या पावलांनी जाऊन उभी राहिली. मी मागच्या सीटवर. नवरीचे वडील दाराकडे पाठ करून फोनवर ओरडत होते, "काका, कुठी राह्यले तुमी? मुहूर्त निघून राह्यला!" आत नवरी सजून बसलेली. गाडी आल्याचे कुणाच्या गावीही नाही.

आजोबांनी कानाचा फोन माझ्या हातात दिला, खिडकीची काच खाली केली, मान बाहेर काढली आणि तोंडानेच आवाज काढला, "कींऽऽऽऽ!"

कुत्री उठून बाजूला झाली. आतून नवरीचा आवाज आला, "आले काका!" आणि शालू सावरत, हसत हसत तीच सगळ्यांच्या आधी बाहेर आली.