उन्हाचा तह

जगातले जे लहान देश आजवर मोठ्यांच्या पायदळी गेले, त्यांतले निम्मे तरी नक्की वाचले असते. त्यांच्या राजांनी आणि पंतप्रधानांनी फक्त वेळेवर जयपूरला यायला हवं होतं आणि वैशाली नगरची रिक्षा पकडून आमच्या घरमालकांच्या दारात उतरायला हवं होतं. हे मी थट्टेने म्हणत नाही. दोन हजार सालानंतर कंपनीने मला नाशिकहून जयपूरला धाडलं, तेव्हा मी त्यांच्या गच्चीवरची खोली भाड्याने घेतली. एका माणसाने आपल्या इवल्याशा घराचं परराष्ट्र खातं, संरक्षण खातं आणि पाणीपुरवठा खातं एकहाती कसं सांभाळलं, ते पुढची काही वर्षं मी जवळून पाहिलं. मोठमोठे साहेब मी पुष्कळ पाहिले, पण हात आपोआप जोडले जावेत असा मला तो एकच माणूस भेटला.

मी त्यांना सर म्हणत असे. एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते. वडील रेल्वेत, भुसावळहून बदलीवर आले, खातीपुऱ्याजवळच्या क्वार्टरमध्ये राहिले आणि इथलेच झाले. त्यामुळे सरांचं मराठी खानदेशातून निघालेलं असलं तरी त्यांचं प्रत्येक वाक्य 'मतलब'च्या फाटकातून आत यायचं. शिकवलं त्यांनी सगळं राज्यशास्त्र, पण जीव होता तो लहान देशांच्या संरक्षणावर. सकाळी पेपर आला की पहिल्या पानाकडे ते ढुंकूनही पाहत नसत. भूतान, मालदीव, लक्झेंबर्ग, लेसोथो यांच्यापैकी कुणाची चार ओळींची बातमी आतल्या पानात दडलीय का ते शोधायचे, आणि सापडली की गावाकडची खुशाली कळल्यासारखे सुखावायचे. मालदीवभोवतीचा समुद्र चढतोय असं वाचून एकदा ते दिवसभर उदास होते. दूधवाल्याने घरी सगळं ठीक आहे ना असं विचारलं, तर म्हणाले, "घर ठीक है भैया, मालदीव का कुछ कह नहीं सकते." दूधवाला मान हलवून गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याने मालदीवची तब्येत विचारली. सर त्या माणसाला कधीही सोडायला तयार झाले नाहीत, दुधात कितीही पाणी आलं तरी.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर जगाचा नकाशा होता आणि घरात खुंट्यांची टंचाई असल्यामुळे त्यांनी नकाशावरच खिळे ठोकले होते, तेही फक्त महासत्तांवर. सायबेरियावर स्वेटर, अमेरिकेवर छत्री, चीनवर भाजीची पिशवी. मोठे देश झाकले गेले तरी बिघडत नाही, ते कुठे आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं, असं त्यांचं म्हणणं. "मोठे चुका करूनही जगतात. लहानाला मतलब एकच चूक परवडते," हे वाक्य त्यांनी मला भाडेकरार करतानाच ऐकवलं होतं, आणि ते लक्झेंबर्गला उद्देशून आहे की मला, हे मला बरेच दिवस कळलं नाही.

खरं तर ते स्वतःच्याच घराबद्दल बोलत होते. घर म्हणजे खाली दोन खोल्या, वर गच्ची आणि गच्चीच्या कोपऱ्यात मी. पूर्वेला संगमरवराच्या व्यापाऱ्याची कोठी, पश्चिमेला खाजगी बसगाड्या चालवणाऱ्या शेठजींची. दोघांचं एकमेकांशी विळ्याभोपळ्याचं सख्य. संगमरवरवाल्यांनी गच्चीवर पाण्याची टाकी बसवली की आठवड्यात बसवाल्यांकडे तिच्याहून मोठी दिसायची, मग इकडे दोन, मग तिकडे तीन. पाणी मात्र जयपुरात जेवढं यायचं तेवढंच यायचं, त्यामुळे बहुतेक टाक्या आतून कोरड्या असत. सर हे सगळं कौतुकाने पाहायचे. शस्त्रस्पर्धा म्हणजे काय हे आपण पोरांना वर्षानुवर्षं पुस्तकातून शिकवलं, खरं तर त्यांना आपल्या गच्चीवरच आणायला हवं होतं, असं त्यांना वाटायचं.

कॉलनीत एकदा चोऱ्या झाल्या तेव्हा सरांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, कुत्रा पाळू या म्हणून धोशा लावला. सरांनी ठाम नकार दिला. आपण एक पाळला की शेजारी दोन पाळणार, लहानाने फौजेच्या भानगडीत पडू नये. शेजाऱ्यांनी आधीच एकेक धिप्पाड कुत्रा आणला होता. सरांनी काय करावं? रोज संध्याकाळी पूर्वेच्या कुत्र्याला एक भाकरी, पश्चिमेच्या कुत्र्याला एक भाकरी, दोन्ही एका तव्यावरच्या. महिन्याभरात दोन्ही कुत्री आमच्या फाटकापाशी झोपू लागली, आणि आपापल्या मालकांवर भुंकू लागली. मी आ वासून पाहत राहिलो. दोन महासत्तांची सैन्यं एका निवृत्त प्राध्यापकाच्या पगारी नोकरीत होती आणि पगार होता एक भाकरी.

समतोलाचं व्रत त्यांनी जिवावर उदार होऊन पाळलं, हेही सांगितलं पाहिजे. एका घरी लस्सी घेतली तर संध्याकाळच्या आत दुसऱ्या घरी घ्यायचीच, मग साखर वाढो की सर्दी होवो. डॉक्टर ओरडले, पण अलिप्ततेला पथ्य चालत नाही. संक्रांतीला तर सगळं जयपूर गच्चीवर पतंग उडवतं, आणि दोन्हीकडचे कटलेले पतंग आमच्या हवाई हद्दीत पडायचे. सरांचा नियम असा की पतंग ज्याचा त्याला परत, पण मांजा जप्त. पतंग हा नागरिक आणि मांजा हे हत्यार. गंमत म्हणजे दोन्ही घरं हे निमूट मान्य करायची.

आणि या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी काय होतं? काकूंचं ऊन. काकूंना संधिवात होता आणि जयपूरची थंडी हाडात शिरते. डॉक्टरांनी औषधाबरोबर ऊन लिहून दिलं होतं. सकाळी सांधे इतके आखडलेले असायचे की त्यांना जिना चढवायचा नाही. दुपारपर्यंत जरा मोकळ्या झाल्या की सर हाताला धरून एकेक पायरी वर आणत. मग त्या माझ्या दारासमोर बसून मटार सोलायच्या, तांदूळ निवडायच्या, आणि सर त्यांना कोस्टारिकाने फौज कशी मोडीत काढली ते सांगायचे. ते ऊन पश्चिमेकडून, बसवाल्यांच्या डोक्यावरून यायचं. त्यांनी आणखी एक मजला चढवला की दुपारनंतर आमच्या गच्चीवर सावली. म्हणून सरांनी दोन वर्षं दोन्हीकडच्या लस्स्या पिऊन एक तोंडी तह जुळवला होता. समोरचा मजला चढवत नाही तोवर आपणही चढवायचा नाही. दोघांनाही वाटायचं की आपण दुसऱ्याला रोखलं आहे.

मग तो तह मोडला, आणि मोडला तो साक्षात सरांच्या हातून. आपल्याकडे संक्रांतीला काळं नेसतात. तिकडे शुभकार्यात काळं म्हणजे अपशकुन. सरांना हे कळत नव्हतं असं नाही. दरवर्षी मराठी मंडळाचं हळदीकुंकू आटोपलं की घरी येऊन पांढरा सदरा घालायचा आणि मगच शेजाऱ्यांना तिळगूळ द्यायचा, हा त्यांचा शिरस्ता. पण त्या वर्षी काकू फार दिवसांनी स्वतःच्या पायांनी मंडळात गेल्या होत्या, काळी चंद्रकळा नेसून, गजरा माळून. परतताना बसवाल्यांच्या फाटकात गडबड दिसली, कुणीतरी 'आइए, आइए' म्हटलं आणि काकूंनी सरांकडे पाहिलं. त्यांना तशाच, नटलेल्या, चालत आत जायचं होतं. जगातल्या कुठल्याही महासत्तेला नाही म्हणू शकणारा तो माणूस बायकोला नाही म्हणू शकला नाही.

आत शेठजींच्या मुलाची सगाई चालली होती. तिकडे संक्रांतीआधीचा महिना अशुभ मानतात, त्याला मलमास म्हणतात; तो संपल्याचा हा पहिलाच दिवस, मुलीकडची माणसं बाहेरगावाहून आलेली. दोघं काळ्या कपड्यांत दारात उभी राहिली आणि मुलीच्या आजीने विचारलं, "शुभ काम में काला कौन पहनकर आ गया?" पुढचं फार लवकर झालं. आजी उठल्या, पाठोपाठ पाहुणे उठले, मुहूर्त पुढे ढकलला गेला. शेठजींना वाटलं की प्रोफेसर मुद्दाम निषेध करायला आले, आणि सांगितलं असणार शेजाऱ्याने. काकू घरी येऊन चंद्रकळेसकट पलंगावर बसून राहिल्या. सरांनी त्या दिवशी पतंगाचा मांजा जप्त केला नाही.

आठवड्याभरात बसवाल्यांच्या दारात विटा आणि सळया पडल्या. त्याहून वाईट म्हणजे संगमरवरवाले मिठाईचा डबा घेऊन हजर झाले. प्रोफेसर साहेबांनी शेठजींची चांगलीच जिरवली म्हणून ते भलतेच खूश होते. त्यांचा मेहुणा सरकारी कचेरीत होता. नवा मजला मंजुरीपेक्षा उंच जातोय असा अर्ज त्यांनी लिहूनच आणला होता. सरांनी फक्त सही करायची, काम दुसऱ्या दिवशी बंद. मी तिथेच होतो. मला वाटलं, सुटलो.

सरांनी अर्ज वाचला, घडी घातली आणि परत दिला. संगमरवरवाले गेल्यावर मी चिडलोच. हा काही लक्झेंबर्गचा प्रश्न नाही, काकूंच्या गुडघ्यांचा आहे, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

सरांनी मला समोर बसवलं. मग म्हणाले, "मतलब, मला ऊन नकोय का रे? पण दुसऱ्याच्या छत्रीखाली एकदा उभं राहिलं की तो जाईल तिकडे जावं लागतं. आज बसवाल्यांविरुद्ध सही, उद्या त्यांच्या कुठल्या भांडणात साक्ष, परवा हे घरच विका म्हणतील."

काकू आतून ऐकत होत्या. "अहो, नका करू सही," त्या म्हणाल्या. "मी शेगडीजवळ बसेन."

मला त्या क्षणी दोघांचाही राग आला आणि दोघांपुढे मान झुकवावीशीही वाटली. दोन्ही एकदम झालं.

रथसप्तमीला सर पांढरा सदरा घालून, तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन निघाले. सोबत मला घेतलं, कारण साक्षीदार तटस्थ असावा आणि भाडेकरू त्याला चालतो. बसवाले शेठजी विटांच्या ढिगाजवळ मिस्त्रीशी बोलत उभे होते. त्यांनी आम्हाला बसाही म्हटलं नाही. सरांनी डबा उघडला. संक्रांतीचा तिळगूळ आमच्यात रथसप्तमीपर्यंत चालतो, आज शेवटचा दिवस, म्हणून आलो, असं त्यांनी हिंदीत सांगितलं. मग त्या दिवशीच्या काळ्या कपड्यांबद्दल हात जोडून माफी मागितली. थंडीत काळा रंग ऊन धरून ठेवतो म्हणून आमच्याकडे संक्रांतीला काळं नेसतात, बायकोला थंडी फार लागते, त्यात निषेध कसलाच नव्हता.

शेठजींनी विचारलं, "सुना है उधर से मेरी शिकायत जा रही है?"

"मेरे पास लाए थे. मैंने दस्तख़त नहीं किए."

"क्यों? आपकी धूप तो बच जाती."

"बच जाती," सर म्हणाले, "पर फिर वह उनकी दी हुई होती. मकान आपका है, ऊपर का आसमान भी आपका. मैं रोकने नहीं आया, तिलगुड़ देने आया हूँ."

शेठजींनी एक लाडू घेतला, सावकाश खाल्ला आणि मिस्त्रीकडे वळले. झालं. आम्ही परत आलो. एवढा मोठा माणूस एवढ्या लहान माणसासमोर डोळे चुकवताना मी पहिल्यांदाच पाहिला होता, पण त्याने सळया परत जाणार नव्हत्या, आणि गेल्याही नाहीत. मजला चढू लागला. रोज दुपारी मी ऑफिसातून फोन करून सावली कुठवर आली ते विचारायचो.

एक दिवस सरांनी फोनवर फक्त लवकर ये म्हटलं. येऊन पाहतो तर तिसऱ्या मजल्याच्या भिंती सगळीकडे उभ्या, पण आमच्या बाजूची अख्खी खोली नाही. तिथे नुसती मोकळी फरशी, आणि तिच्यावरून दुपारचं सगळं ऊन आमच्या गच्चीवर उतरलेलं. मी मिस्त्रीला हाक मारून विचारलं, तर तो म्हणाला की शेठजींनी सांगितलंय, इकडे नाही बांधायचं. का, ते त्यालाही माहीत नव्हतं. काकू मटार सोलत होत्या. सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

पुढे माझी पुण्याला बदली झाली. काकू गेल्याचं फोनवर कळलं, तेव्हा मला लगेच जाता आलं नाही. गेलो तो पुढच्या थंडीत. गच्चीवर ऊन तसंच होतं. मी शेजारच्या त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, तेव्हा सर म्हणाले की दिवसपाणी आटोपल्यावर ते स्वतःच शेठजींकडे गेले होते. जिच्यासाठी जागा सोडली ती आता राहिली नाही, खोली बांधून घ्या, असं सांगायला. शेठजी म्हणाले, आई तिथे पापड वाळवते, राहू द्या. सरांनी त्या जागेवर कधी एक पापड पाहिला नव्हता.

"मोठ्याने आपणहून थांबायचं, कुणी न रोखता," सर म्हणाले, "हे मी कॉलेजात कधी शिकवलं नाही. मतलब, उदाहरणच सापडलं नव्हतं. आता सापडलंय, तर रोज दुपारी ज्याला सांगायचं ते माणूस नाही."

ऊन अजून होतं, म्हणून आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.