मोहोर शाबूत, मोटार बसलेली

बिर्लानगरच्या सहा बायका चार वर्षं ज्या माणसाला शिव्या देत होत्या, त्याच्याबद्दल लिहायचं आहे. शिव्या देणाऱ्यांत मीही होते. माझ्या जरा धारदार होत्या, कारण मी भाषा शाळेत शिकले नाही, गिरणीच्या फाटकावर शिकले.

महिपतराव भोईटे, राहणार खासगी बाजार. घराणं शिपाईगिरीचं, पण महिपतरावांच्या वाट्याला तलवारीऐवजी फडकं आलं. सतरा वर्षं त्यांनी संस्थानच्या मोटरखान्यात गाड्या पुसल्या. मडगार्डवरून नुसती बोटं फिरवून गाडी कुठली आणि कुणाच्या हातून कुठे घासली ते सांगत. ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झालं, मोटरखाना आटला आणि माणसं मिळेल त्या खात्यात वाटून टाकली. कुणी जंगलात गेलं, कुणी नाक्यावर. महिपतराव गेले कुटीर उद्योगाच्या कचेरीत. हुद्दा: परीक्षक, खेळणी. नातेवाइकांना ते एवढंच सांगत की आपण अजून मोटारींच्याच खात्यात आहोत. खोटं नव्हतं.

कारण त्यांच्या टेबलावर मोटारी येत. वीतभर लांबीच्या. राळ आणि लाख वितळवून, खडूची भुकटी घालून साच्यात ओतलेल्या. डब्यात सुटे भाग असत: टप, बूड, चार चाकं, तारेचे दोन आस. गिऱ्हाइकानं घरी सरसानं जुळवायचे. असले डबे करणारी ग्वाल्हेरच्या लष्कर पेठेत चार-पाच घरं होती, आणि बिर्लानगरात आमची मंडळी. गिरणीनं कमी केलेल्या सहा बायका, पुढारी शालिनीताई. अर्ज लिहायला आणि भांडायला मी.

महिपतरावांची तपासणी म्हणजे मुलगी बघण्याचा कार्यक्रम. आधी डोळे मिटून सांध्यावरून नख फिरवायचं. मग टप कानाशी धरून टिचकी. आवाज बद्द आला तर आत बुडबुडा. मग वास. राळ जास्त झाली तर चकाकी येते पण उन्हात मोटार बसते, लाख जास्त झाली तर थंडीत तडकते. हे सगळं पार पडलं तर मोटार जुळवून काचेवर ठेवायची, चारी चाकांखाली पतंगाच्या कागदाची चिठ्ठी सरकवायची आणि ओढायची. एक चिठ्ठी जरी अलगद निघाली तरी ते चाक हवेत, आणि बुडाला लाल पेन्सिलीनं नापास. शेवटची परीक्षा मे महिन्यात, आठ दिवस पत्र्याच्या छपरावर.

दाल बाजारातल्या लक्ष्मीकांत नावाच्या व्यापाऱ्यानं आमच्याच मोटारीवरून साचे घेऊन आपले डबे काढले होते. महिपतरावांनी त्याचा टप आमच्या टपाशेजारी ठेवला आणि म्हणाले, नक्कल दर वेळी केसभर आकसते, शेटजी, ही तुमची नाही, हिच्या आईचं नाव सांगा. त्या दिवशी आम्हाला हा माणूस देव वाटला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमचे अकरा डबे परत पाठवले.

तर अशा माणसानं एकदा आमचे दोनशे डबे पास केले. शाळांना खेळणी वाटायची सरकारी मागणी होती, आजवरची सर्वांत मोठी. ती पुरी झाली तर पुढच्या साली आणखी मिळणार होती. नाहीतर सहाही जणी पुन्हा गिरणीच्या फाटकाशी, जिथे त्यांना कुणी आत घेत नव्हतं. पण एवढ्यात मध्य भारतही नव्या मोठ्या राज्यात विरून संपला. राजधानी भोपाळ. कचेरी उचलून तिकडे गेली, आमचे डबेही गेले, आणि जूनमध्ये एक ओळीचं पत्र आलं. माल मंजूर नमुन्याशी जुळत नाही, सबब नामंजूर.

मी पत्र घेऊन खासगी बाजारात गेले. महिपतरावांची बदली अजून कागदावरच होती, ते घरीच होते. मी काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही. त्यांनी ऐकून घेतलं, पत्र दोनदा वाचलं, आणि पहिल्यांदाच मला त्यांचा आवाज चढलेला ऐकू आला.

“सुधाताई, मी पास केलेली मोटार नापास करून राहिलंय कोण?”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं भोपाळला. तिथले अधिकारी सदाशिवराव, आपल्याकडचेच. आजोबा दरबारात चिटणीस होते, नातवानं अक्षर आणि सावधपणा दोन्ही राखलं होतं. त्यांनी चहा मागवला, आमचा एक डबा जुळवून समोर ठेवला आणि कपाटातून मंजूर नमुना काढला.

नमुना म्हणजे आमची बायबल-गीता जे काय म्हणाल ते. चार वर्षांपूर्वी खात्याच्या मोठ्या साहेबांसमोर सीलबंद झालेली मोटार, मोटरखान्यातल्या सर्वांत मोठ्या गाडीची हुबेहूब. तिच्यावरूनच आमचे साचे घेतले होते. आता ती नाक खाली घालून बसली होती. मागची बाजू दोन सूत वर, डावं चाक आत वळलेलं. सदाशिवराव पट्टी लावून दाखवू लागले की आमच्या मोटारीचं नाक दोन सूत उंच आहे.

मी म्हटलं, साहेब, ही वितळलीय. मे महिन्यात कचेरीच्या सामानाचा रेल्वेडबा स्टेशनावर उन्हात पडून होता, साऱ्या ग्वाल्हेरला ठाऊक आहे.

“नमुना मोहरबंद आहे,” सदाशिवराव शांतपणे म्हणाले. “मोहोर शाबूत आहे.”

महिपतरावांनी मोहोर बघितली. लाखेचा लाल गोळा, त्यावर ठसा नावाला नव्हता. पोळीसारखा गुळगुळीत. “शाबूत कसली साहेब. वाहून गेलीय.”

“फोडलेली तर नाही ना?”

महिपतरावांनी नमुना उचलला, वास घेतला आणि खाली ठेवला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते मला बाहेर व्हरांड्यात घेऊन आले.

“ही माझ्या हातची आहे,” ते म्हणाले.

मग थोडं थोडं करून सांगितलं. चार वर्षांपूर्वी मोठे साहेब जानेवारीत येणार होते आणि कुणाच्याच मोटारीला मोटरखान्यातली ती चकाकी नव्हती. म्हणून ह्यांनीच घरी ओतली. राळ थोडी चढती घातली. मोटरखान्यात गाडी बाहेर निघण्याआधी तेलाचा हात फिरवत, तसा हिच्यावरही फिरवला. कागदाची चिठ्ठी नाही, पत्र्याचं छप्पर नाही. साऱ्या लष्कराच्या मोटारी तपासणाऱ्याची मोटार कोण तपासणार? त्यांना तसं सुचलंच नाही.

मी म्हटलं, उन्हावर ढकला, रेल्वेवर ढकला, मी अर्ज लिहिते. ते म्हणाले, शालिनीताईंच्या मोटारी आठ दिवस पत्र्यावर उभ्या होत्या, मीच ठेवल्या होत्या, आणि एकीनंही गुडघा टेकला नाही. उन्हाचं नाव कोणत्या तोंडानं घेऊ?

आम्ही आत आलो. सदाशिवरावांनी नियम वाचून दाखवला. रेल्वेविरुद्ध तक्रार केली तर चौकशी, चौकशीला वर्ष, तोवर मागणी रद्द. प्रमाणित करणाऱ्या परीक्षकानं नमुना सदोष होता असं लिहून दिलं तर नमुना बाद. मग तो परीक्षकही बाद. आणि नमुन्याशिवाय माल मंजूर होत नाही, म्हणजे मागणी रद्दच.

महिपतराव लिहून द्यायला कागद मागत होते. मी त्यांचा हात धरून खाली ठेवला. परक्या बाईनं हात धरलेला पाहून चिटणिसांच्या नातवानं मान फिरवली.

“साहेब, नवा नमुना मंजूर कोण करतं?”

“परीक्षक.”

“आत्ता ह्या घडीला परीक्षक कोण?”

सदाशिवरावांनी महिपतरावांकडे बघितलं, मग दाराशी आवकची वही घेऊन बसलेल्या कारकुनाकडे. “हेच. ह्यांचा कबुलीचा कागद त्या वहीत चढेपर्यंत.” आणि स्वतः उठून कारकुनाला जेवायला पाठवून दिलं. माणूस सावध होता, वाईट नव्हता.

मी म्हटलं, घ्या दोनशेतला कुठलाही, लावा मोहोर. महिपतरावांनी पहिला डबा उघडला, नख फिरवलं, टिचकी मारली आणि बाजूला ठेवला. दुसराही. तिसरा, चौथा. मी दात ओठ खात विचारलं की हे तुम्हीच पास केले होते ना? ते म्हणाले, पास होणं वेगळं, नमुना होणं वेगळं. नोकरीचा शेवटचा तासभर उरला होता आणि हा माणूस चाकाखालून चिठ्ठ्या ओढत होता. पाचवी मोटार काचेवर चारी पायांनी उभी राहिली. मोहरेची लाख आणली तर तिचाही वास घेतला, म्हणाले ही नको, दुसरी आहे का.

मोहोर लागली. सही झाली. मग त्यांनी दुसरा कागद घेतला आणि स्वतःला नापास केलं, चार ओळींत, कसलीही सबब न सांगता. कारकून जेवून आला तेव्हा दोन्ही कागद त्याच्यापुढे ओळीनं ठेवले होते. दोनशे डबे मंजूर झाले. महिपतराव पुनर्रचनेत अतिरिक्त ठरले. बाद नमुना त्यांनी रुमालात बांधून घरी आणला.

दोन महिने ते खासगी बाजाराबाहेर पडले नाहीत. मग एक दिवस बिर्लानगरात आले आणि शालिनीताईंना विचारलं, राळ ढवळायला माणूस लागतो का. शालिनीताई म्हणाल्या, लागतो, पण आधी एक मोटार ओतून दाखवा.

त्यांनी ओतली. शालिनीताईंनी वास घेतला आणि मोटार पत्र्यावर ठेवली. ऑक्टोबरचं ऊनही आमच्याकडे कमी नसतं. आठ दिवस महिपतराव रोज यायचे, छपराकडे बघायचे आणि जायचे. आठव्या दिवशी मोटार खाली आली. काचेवर ठेवली. पहिली चिठ्ठी अडली, दुसरी अडली, तिसरी अलगद निघून शालिनीताईंच्या हातात आली.

“पेन्सिल हाय का कुणापाशी?” शालिनीताईंनी विचारलं.

महिपतरावांनी खिशात हात घातला आणि लाल पेन्सिल काढून दिली. मग म्हणाले की उद्या लाख थोडी जास्त घालून बघतो.