दुपारची मडकी

अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे अकोल्यात कापसाला सोन्याचा भाव आला. मी तेव्हा एका वखारीत कारकून होतो. तिथे बारा बाया रेच्यावर, म्हणजे हाताने फिरवायच्या लाकडी चरकावर बसून कापसातली सरकी काढायच्या, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत. एक दिवस दुपारी त्यातली एक म्हातारी बसल्या जागी पेंगली आणि तिचं बोट रेच्यात सापडलं.

अमरावतीचा सरकारी डॉक्टर साहेब आला. बोट बांधून म्हणाला, "बाया दुपारी थकतात हे मला दाखवा, मी विश्रांती द्यायला लावतो." मालक म्हणाला, "आमच्याकडे कोणी थकत नाही." मग खरं काय ते टिपून ठेवायचं काम आलं कोणाच्या बोडक्यावर? माझ्या!

मी कागद घेऊन फिरलो. "माय, थकली का?"

म्हातारी बांधलेलं बोट पदराखाली लपवून म्हणाली, "मले काय धाड भरली?"

बाराही जणींचं तेच. थकली म्हटलं तर उद्या आपल्या जागी दुसरी बसेल, हे त्यांना पक्कं ठाऊक. आठ दिवस मी मुकाट्याने 'थकली नाही' लिहीत राहिलो. नवव्या दिवशी तो कागद वाळवीने खाल्ला. बरं झालं मेलं!

मग मी विचारणंच सोडलं. प्रत्येकीने सकाळच्या दोन घटकांत काढलेली सरकी मी गेरूची खूण केलेल्या मडक्यात भरली, दुपारच्या दोन घटकांतली चुन्याच्या खुणेच्या मडक्यात. दुपारची मडकी खरंच उणी भरली. मडक्याला वाळवी लागत नाही, म्हणून मी स्वतःवर भलताच खूश होतो. गेरूची बारा फळीवर मांडली, चुन्याची बारा खाली जमिनीवर.

साहेबाची बैलांची दमणी पुन्हा दारात आली तेव्हा मी आत धावलो. मालकाची म्हैस दावं तोडून शेवटच्या मडक्यात तोंड घालून उभी! खालची बाराही मडकी तिने चाटून लख्ख केली होती. तिला हाकलेपर्यंत साहेब आत आला.

त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं. "दुपारी काहीच नाही?"

 म्हशीचं खरं सांगावं तर विश्रांती गेली, खोटं सांगावं तर माझं इमान गेलं. तेवढ्यात म्हातारी दारातून पुढे आली. तिने म्हशीला पाहिलं होतं.

"दुपारी हातच उठत नाही, सायेब," ती म्हणाली. साहेबाच्या मागे उभा मालक तिच्याकडे डोळे वटारून बघत होता, तरी म्हणाली.

साहेबाने त्याच दिवसापासून दुपारी दोन घटका रेचे बंद करवले. मला वाटलं, बुढीने मला वाचवायला थाप मारली. त्या सुट्टीत आभार मानायला गेलो, तर ती कापसाच्या ढिगाला टेकून झोपली होती. "माय," मी हाक मारली. पुन्हा मारली. रेचे सुरू झाले तरी तिला जाग येईना. मी तिच्या रेच्यावर बसलो आणि ती उठेपर्यंत तो फिरवत राहिलो.