वैजूचा तो फोटो ग्रुपवरून काढा

गेलेल्या माणसाला तरी त्याच्या नावानं हाक मारा.

काल दुपारी वैजयंती गेली. आपल्या वर्गातली वैजू. हार्ट अटॅक. हॉस्पिटलला न्यायलाही वेळ मिळाला नाही.

आणि आपल्या शाळेच्या ग्रुपवर पहिला मेसेज काय?

"आपली चेटकीण गेली यार. आरआयपी."

खाली लहानपणचा फोटो. काळा झगा, लोकरीचे केस, नाकावर कणकेचा गोळा. त्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

मी लिहिलं, फोटो काढा. उत्तर आलं, "लाइट ले गं, प्रेमानं म्हणतोय."

नाही घेणार लाइट. ज्यांना त्या फोटोची गोष्ट माहीत नाही त्यांनी वाचा. ज्यांना माहीत आहे त्यांनी तर वाचाच.

नव्वदीची सुरुवात. आमच्या काचीगुडा भागात घरोघरी केबल यायला लागली होती, पण गणपतीत आमचं मराठी मंडळ मुलांसाठी अजून भाड्याचा व्हीसीआर आणायचं. परदेशी कार्टून सिनेमा, इंग्रजीत. आम्हाला ओ की ठो कळायचं नाही. म्हणून मंडळाचे एक काका टीव्हीशेजारी उभे राहून मराठीत गोष्ट सांगायचे.

काकांचं इंग्रजीही यथातथाच. ते चेहरे बघून सांगायचे.

"ही गोरी, म्हणजे राजकन्या. आता ही काळी आली बघा, ही वाईट."

आणि माझा संताप हा आहे की काका कधीच चुकले नाहीत.

सिनेमाच तसा होता. राजकन्या गोरीपान, चेटकीण काळी, जाड ओठांची, कुरळ्या केसांची. चोर तेवढे सगळे दाढीवाले, पगडीवाले. ज्या चाचांच्या दुकानातून आम्ही ती कॅसेट आणायचो त्यांनाही तशीच दाढी होती. ते कॅसेटबरोबर आम्हाला लिमलेटच्या गोळ्या द्यायचे. त्या गोळ्या चघळत आम्ही टीव्हीवरच्या दाढ्यांना हसायचो.

लहान मुलांसाठी बनवला होता म्हणे. निरागस!

पुढच्या गणपतीत मंडळानं त्याच सिनेमाचं नाटक बसवलं. नाटक बसवणाऱ्या काकूंनी आम्हा मुलींना रांगेत उभं केलं आणि वैजूसमोर येऊन थांबल्या.

"हिला काही लावायलाच नको. देवानं मेकअप करूनच पाठवलंय."

सगळ्या बायका हसल्या. वैजूची आईसुद्धा हसली. काय करणार होती बिचारी?

वैजू म्हणाली, "काकू, मला राजकन्येचे डायलॉग पाठ आहेत. सगळे. म्हणून दाखवू?"

"नक्को गं बाई. काळी राजकन्या बघून लोक काय म्हणतील?"

राजकन्या मी झाले. अभिनय येत होता म्हणून नाही. गोरी होते म्हणून.

नाटकाच्या दिवशी समोर दिवे, अर्धा काचीगुडा खुर्च्यांवर, आणि मला पहिलं वाक्यच आठवेना. पाचावर धारण बसली.

माझ्यामागे चेटकीण उभी होती. तिनं झग्याची टोपी तोंडावर ओढली आणि पुटपुटायला लागली. लोकांना वाटलं, मंत्र म्हणतेय.

ती माझं वाक्य सांगत होती.

एकेक वाक्य. अख्खं नाटक. स्टेजवर असली की मंत्रातून, नसली की विंगेतून. मधेच स्वतःचं ते खदाखदा हसणंही करून घ्यायची.

टाळ्या मला पडल्या. पहिलं बक्षीसही मलाच.

विंगेत भेटली तेव्हा म्हणाली, "वाचलीस नं? कोणाला नाही सांगत, जा."

तिनं खरंच कोणाला सांगितलं नाही. कधीच नाही.

आणि मी काय केलं? दुसऱ्या दिवशी जामबागेतल्या आपल्या शाळेच्या फाटकातून ती आत आली. तिला सगळं माहीत होतं, म्हणून मला तिच्याकडे बघवेना. तिनं तोंड उघडलं तर माझं काय, या भीतीनं मीच आधी ओरडले.

"ए, चेटकीण आली!"

हो. पहिल्यांदा मी. आज एवढ्या वर्षांनी लिहितेय.

तुम्ही ते उचललंत. दहावीपर्यंत चालवलंत. तिच्या लग्नात, स्टेजवर, नवऱ्यासमोरसुद्धा. ती हसून घ्यायची आणि आपण म्हणायचो, किती स्पोर्टिंग आहे ना! दोन गेट-टुगेदरना आली, मग येणं बंद केलं. आपण म्हणालो, बिझी झाली.

काळच तसा होता, असं कोणी म्हणू नका. काळ काय स्वतः येऊन पात्रं वाटत होता? काकूंनी वाटली. आपल्या आईबापांनी टाळ्या वाजवल्या. नाव मी ठेवलं.

आज सकाळी तिच्या मुलीचा, रेवाचा फोन आला. पंधरा वर्षांची आहे. कोणा शहाण्यानं तो मेसेज तिला फॉरवर्ड केला होता.

"मावशी, मम्मीच्या फोटोखाली काय लिहिलंय? मला मराठी वाचायला नीट जमत नाही नं. पप्पांना विचारलं तर ते सांगेनात."

मी वाचून दाखवलं. अर्थ सांगितला. नाव कोणी ठेवलं तेही सांगितलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "पण मम्मी तर बोलायची, शाळेत तुम्हीच तिच्या बेस्ट फ्रेंड होत्या."

मला रडायलाही लाज वाटली.

वैजू, तुला श्रद्धांजली वाहायचा हक्क माझ्याकडे नाही. तरी वाहते.

नीट जा गं. मला माफ करू नकोस.