पिंजऱ्यातला धातू आणि माझा पराक्रम

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. जाऊ दे, हसणारच तुम्ही!

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी चेन्नईत पीएचडी करत होतो. विषय? कार्बनचा फुटबॉलसारखा पोकळ पिंजरा आणि त्याच्या पोटात कोंडलेले धातूचे अणू. धातू आपले इलेक्ट्रॉन पिंजऱ्याला देतो, ते पिंजऱ्याच्या कड्याकड्यांतून मोकळे फिरतात आणि पिंजरा टिकतो. याला म्हणतात अ‍ॅरोमॅटिसिटी. पिंजरा जितका अ‍ॅरोमॅटिक तितका टिकाऊ, हा आमच्या सरांचा सिद्धांत. त्यापायी त्यांनी केस पांढरे केलेले.

आणि माझं उत्तर आलं नेमकं उलटं! प्रयोगशाळेत जो पिंजरा धातू पोटात घेऊन मजेत बसतो, तोच माझ्या कॉम्प्युटरवर सगळ्यात कमी अ‍ॅरोमॅटिक. परत केलं. तेच! नुसता वैताग! पंखा गरम हवा फेकतोय, वीज येते-जाते, वर माझा सीनियर सेंथिल विचारतो, "मच्चान, इनपुट नीट बघितलंस ना?"

"मी काय बालवाडीत आहे का रे?" मी खेकसलो. सांगा, वर्षानुवर्षं हेच करणाऱ्या माणसाला असं विचारतात?

तडक सरांकडे गेलो. सर तंजावरच्या मराठी घरातले. जुन्या वळणाची मराठी तमिळ हेल काढून बोलायचे. त्याच संध्याकाळी या सिद्धांतावर त्यांचं व्याख्यान होतं, बाहेरगावची मोठी मंडळी आलेली. मला वाटलं, आता ओरडतील. कसलं काय! त्यांनी चष्मा पुसून माझे आकडे दोनदा वाचले.

"नक्की का रे, अप्पा?"

"शंभर टक्के, सर."

"सेरि, बरं. मग लोकांना खोटं कसं सांगू मी?"

आणि या देवमाणसानं व्याख्यानाचा शेवटच बदलला हो! भरल्या सभागृहात पडलेल्या आवाजात म्हणाले, "माझा सिद्धांत माझ्याच विद्यार्थ्यानं मोडला." वर मला उभं केलं. टाळ्या! मी मान तुकवली. एकदा नाही, चांगली दोनदा!

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका वयस्कर प्राध्यापिकाबाई वळल्या. "कॅल्क्युलेशनसाठी धातू बाजूला काढलास ना?"

"हो मॅडम, पद्धतच आहे तशी. नुसता पिंजरा तपासायचा."

"मग धातूनं पिंजऱ्याला दिलेले सहा इलेक्ट्रॉन?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. धातू काढला तरी ते सहा पिंजऱ्यावरच राहायला हवेत, म्हणजे चार्ज उणे सहा; इनपुटमध्ये मी शून्य टाकला होता. शून्य! प्रत्येक वेळी!

"ते... ते धातूबरोबर गेले, मॅडम."

सभागृह असं हसलं म्हणून सांगू! जमीन दुभंगेल तर बरं, असं वाटत होतं. त्यात समोरून सर तरातरा मंचावरून उतरून माझ्याकडेच येताना दिसले. संपलं, म्हटलं. आता पीएचडी गेली, गाशा गुंडाळून घरी!

सरांनी मला कडकडून मिठी मारली. डोळ्यांत पाणी.

"वाचलो रे, अप्पा! तू गाढव आहेस! किती बरं झालं!"

अख्ख्या पीएचडीत सरांनी मला दिलेली ही एकमेव शाबासकी.